निबची विचारपूस होत नाही

प्रश्न असा आला आहे: "मला शाईच्या पेनांचा नाद आहे. एका पेनाची निब लिहिता लिहिता मध्येच कोरडी पडते. हाच प्रश्न मी पेनवाल्यांचा, शाईवाल्यांचा, सुलेखनाचा आणि दुरुस्तीचा अशा चार गटांवर टाकला. पाचव्या ठिकाणी लिहिताना 'आतापर्यंत चार गटांवर निबची विचारपूस केली' असं लिहिलं, तर एकाने 'विचारपूस' चुकलं म्हणून टोकलं. काय चुकलं? आणि एकच प्रश्न असा अनेक ठिकाणी टाकण्याला मराठीत काय म्हणायचं? क्रॉसपोस्ट हा शब्द नको आहे."

टोकणाऱ्याने बरोबर टोकलं. विचारपूस माणसाची करतात. आजारी माणसाची, परगावाहून आलेल्याची, बरेच दिवस न दिसलेल्याची. तिच्यात जिव्हाळा असतो आणि उत्तर काय येतं यापेक्षा कुणीतरी विचारलं याला मोल असतं. निब का अडते, शाई दाट आहे का, फीड, म्हणजे निबला शाई पोचवणारा तिच्याखालचा भाग, साफ कसं करायचं, ही चौकशी. हल्ली बातम्यांत रोज ऐकतो, "पोलिसांनी संशयिताची कसून विचारपूस केली." कसून विचारपूस! हिंदीतलं 'पूछताछ' समोर आलं, त्यात 'पूछ' दिसलं आणि मराठीत 'पूस' असलेला जो शब्द हाताशी होता तो उचलून तिथे बसवला. पोलीस चौकशी करतात, जबाब घेतात, जाबही विचारतात. विचारपूस करायला येतात ते शेजारी आणि सोयरे. एवढा सरळ भेद बातमी वाचणाऱ्याला माहीत नसावा याचा मला खरंच त्रास होतो, कारण असा एकेक भेद बुजला की तो परत येत नाही.

पण 'विचारपूस' या शब्दात खरी मौज आहे ती 'पूस'मध्ये, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

पुसणे म्हणजे विचारणे. संस्कृत 'पृच्छति', प्राकृत 'पुच्छइ', मराठी 'पुसे'. 'च्छ'चा 'स' झालेला पाहून बिचकू नका, ही मराठीची फार जुनी खोड आहे. मत्स्य, मच्छ आणि मग मासा. वत्सरूप, वच्छरूअ आणि मग वासरू. इक्षूचं प्राकृतात उच्छु झालं आणि मराठीत ऊस. पिच्छाचं पीस झालं, क्षुरिकेची छुरी होऊन पुढे सुरी. पुढे 'ए'सारखा स्वर असेल तर 'श' होतो: क्षेत्र, छेत्त, शेत. हिंदीने हाच 'छ' जपून ठेवला, म्हणून तिकडे मछली, बछड़ा, छुरी, पूछना. आपल्याकडे मासळी, वासरू, सुरी, पुसणे. मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या ज्यूल ब्लोक यांनी या बदलाची नोंद मराठीची खास खूण म्हणून केली आहे. मराठीत 'छ' टिकलेले शब्द आहेतच, पण त्यांतले बरेचसे संस्कृतातून पुन्हा उचललेले किंवा शेजारच्या भाषांतून आलेले आहेत.

आता दुसरं पुसणे घ्या. पाटी पुसणे, डोळे पुसणे, लादी पुसणे. याचा 'पृच्छति'शी काडीचा संबंध नाही. हे संस्कृत 'प्रोञ्छ्' या धातूच्या घराण्यातलं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'मृज्' म्हणजे घासणे-पुसणे या धातूच्या जागी येणारी प्राकृत रूपं दिली आहेत. त्यांत पुंछ, पुंस, फुस आणि पुस ही चारही आहेत. त्याच व्याकरणात 'प्रच्छ्'च्या जागी मात्र 'पुच्छ' आहे. म्हणजे प्राकृतात दोन्ही क्रियापदं कानाला वेगळी कळत होती. हिंदीत आजही कळतात: विचारायचं ते पूछना, पुसायचं ते पोंछना. मराठीत 'च्छ'चा 'स' झाला आणि दोन अनोळखी क्रियापदं एकाच अंगरख्यात येऊन उभी राहिली.

इथे ती अश्रूंची कथा निकालात काढायलाच हवी. एका शब्दप्रेमी व्याख्यात्यांनी भर सभेत सांगितलं, आणि मग ते सगळीकडे फिरलं, की विचारपूस म्हणजे आधी दुःख विचारायचं आणि मग डोळे पुसायचे. बघा आपली भाषा किती संवेदनशील! टाळ्याही पडल्या. भाषा संवेदनशील आहे, पण या कारणाने नाही. मराठीला एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसवून जोडशब्द करायची सवय आहे: बाजारहाट, कागदपत्र, धनदौलत. बाजार म्हणजेच हाट आणि धन म्हणजेच दौलत. तसंच विचारपूस: विचारणं आणि पुसणं, दोन्हींचा अर्थ एकच. 'पूसतपास' हा दुसरा जुना शब्द पाहिला तरी हेच दिसतं. पूसतपासात कुणाचे डोळे पुसायचे असतात? व्युत्पत्ती सांगताना टाळ्या मोजू नयेत, त्याच भाषेतले आणखी दोन शब्द तपासून पाहावेत.

आता मला वर्षानुवर्षं पडलेला प्रश्न. मराठीचं मूळचं, घरचं क्रियापद पुसणे. ज्ञानेश्वरी १२९० सालची; तिच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव स्वतःबद्दल म्हणतात, 'भाष्यकारांतें वाट पुसतु'. भाष्यकारांना वाट विचारत विचारत मी चाललो आहे. मग तेच क्रियापद आपल्या रोजच्या बोलण्यातून गेलं कुठे? आज आपण प्रश्न 'विचारतो'. विचारणे हे मुळात विचार करणे, एखादी गोष्ट मनात घोळवणे. त्याने प्रश्नाची जागा का घेतली?

माझं मत असं, आणि ते मी गेली काही वर्षं सांगत आलो आहे: दोन पुसण्यांची टक्कर झाली. "त्याने नाव पुसलं" हे वाक्य घ्या. नाव विचारलं की खोडून टाकलं? "पत्ता पुसला", "तारीख पुसली", "हिशेब पुसला": प्रत्येक वेळी दोन अर्थ, तेही एकमेकांच्या थेट उलट. एकात माहिती हवी आहे, दुसऱ्यात माहिती नाहीशी होते आहे. ज्या क्रियापदामुळे माहिती मागितली की मिटवली हेच कळत नाही, ते क्रियापद विचारण्याच्या कामाला किती दिवस टिकणार? म्हणून विचारणारं पुसणे मागे सरलं. जिथे खोडण्याचा अर्थ लागूच शकत नाही अशा कोपऱ्यांत तेवढं ते उरलं. "त्याला कोण पुसतं?" यात खोडायला काही नाही, म्हणून ते राहिलं. 'वाट पुसणे' राहिलं, कारण वाट फडक्याने पुसत नाहीत. 'विचारपूस' राहिली, कारण शेजारी 'विचार' उभा राहून अर्थ सांभाळतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की समरूप शब्द मराठीत पुष्कळ आहेत. बसायचा पाट आणि पाण्याचा पाट शतकानुशतकं सुखाने नांदतात. हा आक्षेप घेणारे वाक्यं तपासत नाहीत. बसायचा पाट आणि वाहणारा पाट एका वाक्यात एकमेकांच्या जागी कधी येतात? येत नाहीत. दोन पुसणे मात्र येतात, 'नाव' या एकाच कर्मासकट येतात. टक्कर होते ती तिथे. निव्वळ सारखं दिसल्याने टक्कर होत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. वऱ्हाडी बोलीत "त्याले पुस" म्हणजे त्याला विचार. तिथे दोन्ही पुसणे आजही जिवंत आहेत, मग टक्कर झाली असेल तर तिथे का झाली नाही? माझं उत्तर असं की वऱ्हाडीच्या कानाशी हिंदीचं 'पूछ' सतत आहे आणि त्याचा आधार त्या 'पुस'ला मिळतो. हे उत्तर पुरेसं नाही असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण "संस्कृत शब्द प्रतिष्ठेचा म्हणून विचारणे आलं" हे जे सरसकट उत्तर दिलं जातं ते मला मुळीच पटत नाही. प्रतिष्ठा हेच कारण असतं तर आपण 'पृच्छा करणे' बोललो असतो. तो शब्द हाताशी होता आणि आजही तो अर्जापुरताच आहे. भाषेने निवडलं ते 'विचारणे'. आणि त्या निवडीत तुमच्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे.

विचारणे म्हणजे वि + चर्, आणि तेही प्रयोजक रूप: विचारयति. चर् म्हणजे चालणे, फिरणे. संचार, प्रचार यांतलं तेच चर्. प्रयोजक केलं की फिरवणे, इकडून तिकडे नेणे. एखादी गोष्ट मनात इकडून तिकडे फिरवली म्हणजे 'विचार' झाला. तोच प्रश्न मनाबाहेर काढून माणसामाणसांत फिरवला की झालं 'विचारणे'. तुम्ही निबचा प्रश्न चार गटांत फिरवलात, म्हणजे शब्दाच्या मुळाशी जे आहे नेमकं तेच केलंत. यासाठी 'बहुप्रेषण' किंवा 'आंतरगटप्रसारण' असले शब्द पाडायची काहीही गरज नाही. असे शब्द पाडणाऱ्यांनी एकदा ते मोठ्याने उच्चारून पाहावेत.

'क्रॉसपोस्ट' टाळलंत ते योग्य केलंत, पण मराठीचा अभिमान एवढंच त्याचं कारण नाही. तुम्ही जे केलं ते क्रॉसपोस्ट नव्हेच. हा शब्द रुळला यूजनेटवर, म्हणजे संगणकांवरच्या चर्चागटांच्या जुन्या जाळ्यात. १९८० साली सुरू झालेल्या त्या जाळ्यात एकच पत्र अनेक गटांची नावं वर लिहून पाठवता येई. पत्र एकच राही आणि त्याला आलेली उत्तरं त्या सगळ्या गटांत दिसत. पुढची चर्चा कुठल्या गटात व्हावी हे ठरवायलाही पत्रात वेगळी ओळ असे. त्याला क्रॉसपोस्ट म्हणत. तोच मजकूर चार ठिकाणी सुटा सुटा टाकणं याला तिथे मल्टिपोस्ट असं वेगळं नाव होतं, आणि त्याचा जाणत्यांना राग होता. कारण उघड आहे. एका गटातल्या माणसाने अर्धा तास खर्चून फीड कोमट पाण्यात बुडवून कसं स्वच्छ करायचं ते समजावून लिहायचं, आणि तेच दुसऱ्या गटात कुणीतरी कालच सांगितलेलं असायचं. तुम्ही केलंत ते हे दुसरं. इंग्रजी शब्द वापरणारेही बहुधा चुकीचाच वापरतात.

'दवंडी पिटणे' सुचवणारे असतील, तर तेही नको. दवंडी सांगते, ती उत्तराची वाट बघत नाही. 'प्रश्न फिरवणे' जवळ येतं, पण 'प्रश्न फिरवून विचारला' म्हटलं की आडवळणाने विचारला असा अर्थ होतो. 'खडा टाकून पाहणे' यात अंदाज घेणं आहे, गरज नाही. साधं 'चार ठिकाणी विचारून पाहणे' उत्तम. यातलं 'चार' मोजायचं नसतं. चार लोक काय म्हणतील, चार पैसे जोडले, चारचौघांत बोलला; मराठीत चार म्हणजे अनेक. गट अकरा असले तरी चार ठिकाणीच.

आणि नाम हवं असेल तर 'चौकशी'. तिच्यातला 'चौ' पाहा. चौक, चौकोन, चौथा यांतला चतुर् तोच. राहिला 'कस'. तो मी कसोटीचा मानतो. कसोटी ही कषपट्टिकेवरून आली, सोनं घासून पाहायचा दगड. सोन्याची परीक्षा चार तऱ्हांनी करावी असं एक संस्कृत सुभाषित सांगतं: घासून, कापून, तापवून आणि ठोकून. चारही कस लावून पाहणारा तो चौकस, आणि तो करतो ती चौकशी. ही जुळणी माझी आहे आणि ती मला फार प्रिय आहे. पुरावा म्हणून मी ती कुणापुढे ठेवणार नाही. पण एकच प्रश्न चार जाणत्यांपुढे ठेवून त्यांची उत्तरं एकमेकांवर घासून पाहणं, याला याहून नेटका शब्द मला सुचत नाही.

तेव्हा वाक्य असं लिहा: "या निबबद्दल मी आणखी चार ठिकाणी चौकशी केली आहे, कुठेही उत्तर मिळालं की इथे कळवीन." दुसरा अर्धा भाग गाळू नका. उत्तर मिळाल्यावर ते चारही ठिकाणी खरोखर कळवा, म्हणजे कुणाचा अर्धा तास वाया जायचा नाही.

'विचारपूस' राखून ठेवा. ज्याने तुम्हाला दोन वर्षांपूर्वी निब सरळ करायला शिकवलं आणि जो गेले चार महिने गटावर दिसलेला नाही, त्याला एक ओळ लिहा: "बरेच दिवस दिसला नाहीत, तब्येत बरी आहे ना?" ही विचारपूस. ती एकाच ठिकाणी करायची असते, त्याच्याकडे.