खिचडीलाही नाही म्हणणारा उपास

या वेळी चार प्रश्न घेतलेत, चारही पुण्यातलेच, नावं काढून थोडे छाटलेत. मी आहारतज्ज्ञ आहे, मानसोपचार माझं काम नाही, पण खाण्याच्या आजारांचे (ईटिंग डिसऑर्डर) हे पेशंट बऱ्याचदा आधी माझ्याकडेच येतात कारण घरच्यांना वाटतं डाएट चार्ट दिला की झालं.

मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. आधी फक्त संकष्टी करायची, मग सोमवार, गुरुवार, आता शनिवारही. खिचडी केली तर म्हणते त्यात तूप आहे, दाण्याचं कूट आहे, नको. तीन महिने पाळी नाही. वजन उतरलंय पण बारीक अशी दिसत नाही. आजी कौतुक करते. मी उगाच घाबरतेय का? (एक आई, सिंहगड रोड)

उगाच नाही हो. एकादशी दुप्पट खाशी असं आपल्याकडे म्हणतात ते काय खोटं आहे का, खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, उपासाला माणूस रोजच्यापेक्षा जास्तच जेवतो. जो उपास खिचडीलाही नाही म्हणतो त्यात देव कुठे आलाय? संकष्टीला चंद्रोदयानंतर ताट वाढलं की काय होतं ते नीट बघा, 'क्लासमध्ये खाल्लं' म्हणून टाळते का, एका मोदकाचे आठ तुकडे करून पाऊण तास चिवडत बसते का, पारीतलं सारण काढून ठेवते का.

वजनावर जाऊ नका. अंगाने भरलेली मुलगी भराभर उतरली की काट्यावर नॉर्मल दिसते आणि आजार मात्र तेवढाच धोक्याचा असतो, डॉक्टर त्याला अटिपिकल अॅनोरेक्सिया म्हणतात (अॅनोरेक्सिया म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार). सारखी थंडी वाजणं, केस गळणं, उठल्यावर चक्कर, मंद नाडी ही लक्षणं बघा. खायला पुरेसं मिळेना की शरीर आधी पाळी बंद करतं, आणि या वयात हाडं भरत असतात, तिथलं नुकसान नंतर पूर्ण भरून येईलच असं नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, नाडी, बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम-फॉस्फरस बघतील, पाळीची बाकीची कारणंही तपासतील, आणि सोबतच मानसोपचारतज्ज्ञ. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात एक पद्धत सुरू झाली, त्यात काही काळ काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसतात. भांडणं होतात, रडारड होते, तरी बसायचं. फक्त ती बरेच दिवस जवळपास उपाशीच असेल तर घरच्या घरी एकदम भरपूर खायला घालू नका, रक्तातलं फॉस्फरस झपकन खाली येऊन जिवावर बेतू शकतं, सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि आजींना दोष देत बसू नका. आजाऱ्याला उपास माफ असतो हे त्यांनाच पक्कं माहिती असणार, ते त्यांच्याच तोंडून नातीला ऐकवा.

एमपीएससी करतोय, सदाशिव पेठेत रूम आहे. पैसे वाचवायला एक टाइम मेस, बाकी चहावर. रात्री ११ नंतर बिस्किटं, फरसाण, ब्रेड, पोट दुखेपर्यंत खातो, थांबताच येत नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी आणि पर्वतीच्या दोन फेऱ्या. माझी विल पॉवर कमी आहे का? मुलांना होतं का असं?

होतं की, मुलं बोलत नाहीत एवढंच. विल पॉवरचं म्हणशील तर १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, सगळे स्वतःहून आलेले. काही आठवड्यांत त्यांना जेवणाशिवाय दुसरं सुचेना, रेसिपीची पुस्तकं वाचायला लागले, ताटं चाटायला लागले, आणि नंतर खाणं मोकळं केल्यावर काही जण पोट तट्ट फुगेपर्यंत खाऊनही भुकेलेच. तुझी रात्र म्हणजे तुझ्या दिवसाचं बिल आहे रे.

त्यामुळे रात्र सुधारायला जाऊ नको, सकाळ सुधार. दर तीन-साडेतीन तासांनी काहीतरी, पोहे, केळं, गूळ-दाणे, दहीभात, आणि सगळ्यात अवघड म्हणजे आदल्या रात्री खा-खा झाली असली तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. पहिले दोन-तीन आठवडे भलतंच वाटेल. पर्वती वारा खायला चढ, पायऱ्यांनी हिशोब चुकवायला नको. आठवड्यातून एकदा तरी असं होत असेल आणि तीन महिने चाललं असेल तर तज्ज्ञाला दाखवच. फी परवडत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

दोन महिन्यांवर लग्न. केळवणाचं जेवून आले की घरी उलटी काढते. डेंटिस्टने दात बघून विचारलं, मी अॅसिडिटी म्हणाले.

त्यांना खरं सांग, त्यांनी ओळखलेलं असणार. आधी रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घे, पोटॅशियम खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि वरून काही दिसत नाही. धडधड, भोवळ किंवा उलटीत रक्त असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सी. उलटीनंतर लगेच ब्रश नको, अॅसिडने मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं, नुसत्या चुळा भर. यावर सीबीटी ही टॉकिंग थेरपी चांगली लागू पडते, औषधही असतं, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. उरलेली केळवणं चहा-फराळावर आण, आणि ब्लाउजच्या आत दोन शिलाया जास्तीच्या ठेवायला सांग.

आठ महिने ट्रीटमेंट चालू आहे, बरीच बरी आहे. पण गौरी-गणपतीला सगळे जमतात आणि 'तब्येत सुधारली हं' म्हणतात, मग दोन दिवस ताटाकडे बघवत नाही.

आपल्या भाषेत जाड झालीसला तब्येत सुधारली म्हणतात, त्याला कोण काय करणार! आईला किंवा एखाद्या खमक्या आत्याला आधीच सांगून ठेव की हिच्या अंगावर कुणी बोलायचं नाही, आग्रहही नाही, ती स्वतःचं वाढून घेईल. गौरी जेवायच्या दिवशी पंगत तीनला बसते, तोवर नैवेद्याच्या नावाखाली उपाशी राहू नको, तुझा नाश्ता तुझ्या वेळेला. आणि तरी काकू म्हणाल्याच तब्येत सुधारली, तर म्हणायचं, हो ना काकू, आठ महिने त्याचीच तर फी भरतेय.