यादीत नाव सगळ्यात शेवटी येतं

मी बावीस वर्षं मनुष्यबळ विभागात काढली, बहुतेक महापे आणि ऐरोलीत. नोकरकपातीच्या याद्या बनताना तीनदा त्या खोलीत बसले आहे. या खेपेला आलेल्या पत्रांपैकी याच विषयावरची चार घेतली आहेत.

प्रश्न : ऐरोलीत आयटी कंपनीत ११ वर्षं होतो, शेवटी प्रोजेक्ट लीड. रेटिंग दरवर्षी चांगलं. गेल्या महिन्यात मला काढलं आणि ज्याला मी काम शिकवलं तो राहिला. माझं काय चुकलं?

तुमचं काही चुकलं असेलच असं नाही. हे मी समजूत काढायला म्हणत नाही. यादीची सुरुवात माणसापासून होतच नाही. आधी वरून आकडा येतो : पगारावरचा खर्च इतका खाली आणा. मग तो विभागांत वाटला जातो. कुठला क्लायंट गेला, कुठला प्रोजेक्ट संपत आला, कुणाचं बिलिंग होत नाही, म्हणजे कुणाच्या कामाचे पैसे क्लायंटकडून येत नाहीत, हे बघतात. त्यातून कुठली पदं जाणार ते ठरतं आणि त्या पदांवरची माणसं शेवटी निवडतात.

एका यादीची एक्सेल शीट अजून डोळ्यांसमोर आहे. एम्प्लॉयी नंबर, बँड म्हणजे पदाची श्रेणी, वार्षिक पगार, दोन वर्षांचं रेटिंग, बेंचवरचे म्हणजे प्रोजेक्टविना गेलेले दिवस. वशिला चालू नये म्हणून नावाचा कॉलम लपवलेला होता. एका ओळीत दोन्ही वर्षं ‘३’ होतं. नाव उघडल्यावर कळलं की पहिल्या वर्षी तो वडिलांच्या आजारपणात चार महिने रजेवर होता आणि दुसऱ्या वर्षी त्याचा मॅनेजर बदलला. नव्या मॅनेजरला त्याचं काम ठाऊकच नव्हतं, म्हणून मधलं रेटिंग देऊन तो मोकळा झाला. मी हरकत घेतली, पण यादी तशीच पुढे गेली. ती ओळ मला आजही छळते.

तुमच्या बाबतीत बहुधा पगार नडला. एका लीडच्या पगारात दोन-तीन ज्युनियर बसतात आणि क्लायंटला त्यांचंही बिल लागतं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने १२,००० हून अधिक जणांना कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हाही फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसणार असंच सांगितलं होतं. त्याआधी जूनमध्ये तिथे वर्षाला किमान २२५ दिवस बिलिंग आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस, असा नियम आला होता. अशा हिशेबात ‘शिकवलं कुणी’ याला कॉलमच नसतो. हे अन्यायाचं आहे असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावलं. राजीनाम्याचा मेल टाका, नाहीतर टर्मिनेशन लेटर देऊ, मग पुढची नोकरी मिळणं अवघड जाईल, असं सांगितलं. दोन दिवसांची मुदत मागितली आहे.

मुदत मागितलीत ते फार चांगलं केलंत. घाईने काहीही टाकू नका. राजीनामा दिला की तुम्ही स्वखुशीने गेलात, असा कागद होतो. मग कपातीची भरपाई, नोटीस, सरकारला कळवणं यातलं काहीच कंपनीला करावं लागत नाही. आज रात्रीच साधा मेल लिहा : अमुक दिवशी अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, माझी तशी इच्छा नाही, कपात करायची असेल तर कारण आणि देणी लेखी कळवा. एवढ्यावर बोलण्याचा सूर बदललेला मी अनेकदा पाहिला आहे.

नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं घरी आणून ठेवा. क्लायंटच्या फायलींना मात्र हात लावू नका. तुमच्या पदाला ‘मॅनेजर’ म्हणतात म्हणून कामगार कायदा लागू नाही, असं कुणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. पदाचं नाव काय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता, हे बघितलं जातं. ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जाऊन विचारा. आणि पैसे चांगले मिळत असल्याने जायचंच ठरवलंत, तर रक्कम आणि तारीख लेखी हातात आल्यावरच सही करा. आरोग्य विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायचं नोकरीत असतानाच बघा.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत १४ वर्षं मशीन ऑपरेटर आहे. वर्कशॉपात ३४ जण. मालक सहा जुन्यांना कमी करणार आणि दोन वर्षांपूर्वी आलेली पोरं ठेवणार म्हणतात.

इथे कायदा तुमच्या बाजूने बराच बोलतो. एकाच प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जातो. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मालकाला हा क्रम मोडता येतो, पण कारण लिहून ठेवावं लागतं. नव्या पोराला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, येतं आणि तुम्हाला नाही, हे कारण टिकू शकतं. तो स्वस्त पडतो, हे टिकवणं अवघड. सेवाज्येष्ठतेची यादी लेखी मागा.

पैशाचा हिशेब असा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४,००० धरले, तर दर वर्षाला १५ दिवसांप्रमाणे १४ वर्षांचे १,६८,००० रुपये भरपाई. नोटिशीचा एक महिना वेगळा. ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी : २४,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १४, म्हणजे सुमारे १,९३,८०० रुपये. ‘सगळं मिळून दोन लाख घ्या आणि सही करा’ म्हणाले, तर हा कागद समोर ठेवा. वर्षभरात पुन्हा भरती निघाली, तर कमी केलेल्यांना आधी बोलवावं लागतं. पत्ता आणि फोन नंबर मालकाकडे लेखी देऊन ठेवा.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहते. प्रसूती रजेचा चौथा महिना चालू आहे आणि कंपनीत कपातीची कुजबुज आहे. रजेवरच्यांचीच नावं आधी जातात का?

रजेवर असताना काढणं बेकायदा आहे. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा तुमचा हक्क आहे, त्यामुळे आत्ता झोप उडवू नका. खरी काळजी परतल्यानंतरची. ‘रजेवर होत्या, मधलं रेटिंग देऊ’ असं मॅनेजर सहज करून टाकतात आणि वर सांगितलेल्या शीटमध्ये तोच ‘३’ तुमच्या ओळीत बसतो. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच मेल करून सांगा, की या वर्षाचं मूल्यमापन मी काम केलेल्या महिन्यांवरच व्हावं. उत्तर आलं की जपून ठेवा. नाही आलं, तर पंधरा दिवसांनी तोच मेल पुन्हा पाठवा.