कोल्हापूरहून दहा दिवसांच्या सुट्टीत ६,००० मीटरचं बर्फाळ शिखर होईल का?

नाही होणार. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

तू लिहिलंयस की वय २६, पन्हाळा-पावनखिंड दोनदा झालंय, कळसूबाई झालंय, आता जूनमध्ये हिमनदीवरून जाणारं ६,००० मीटरचं शिखर करायचंय आणि सुट्टी दहा दिवस आहे. दम तुझ्यात आहे, गडबड सुट्टीत आहे. रेल्वे आणि बस धरून मनाली गाठायला दोन-अडीच दिवस, यायला तेवढेच. उरले पाच. आपण राहतो समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. कळसूबाई म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं टोक, ते १,६४६ मीटर. मनालीचा बाजारच त्याच्यापेक्षा उंच भरतो! ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही, असा साधा हिशेब आहे. साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्मा होतो. या विरळ हवेची सवय शरीराला तिथेच लागते, कोल्हापुरात नाही. तोंडाला लावायचे ते ट्रेनिंग मास्क घेऊन पैसे घालवू नकोस, त्याने फक्त श्वास अडतो.

मी शिरोलीला फौंड्रीत आहे. साचा घाईने फोडला तर कास्टिंगला तडा जातो, हे पोरांना रोज ओरडून सांगतो आणि पहिल्या खेपेला स्वतः नेमकं तेच केलं. रजा नऊ दिवस, शिखर मनालीजवळचं फ्रेंडशिप, ५,२८९ मीटर. आमच्यात तालमीतला एक गडी होता, सकाळी पाचशे बैठका मारणारा. डोकं आधी त्याचंच धरलं. ताकदीचा आणि उंची बाधण्याचा काही संबंध नसतो हे त्याला पटेना, मलाही पटलं नव्हतं. वाटेवरच्या बकरथाचच्या पुढच्या कॅम्पवर तो उलट्या करत बसला आणि त्याला खाली न्यावं लागलं. माणूस दारू न पिता झिंगल्यासारखा चालायला लागला, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येईना, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच खाली उतरायचं. उंची बाधू नये म्हणून घेतात त्या डायमॉक्स गोळीचं डॉक्टरांना विचारून ठरव, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांग.

माझी गोष्ट वेगळीच झाली. नेणाऱ्यांनी चार जणांमागे एक गाइड म्हणून सांगितलेलं, निघताना नऊ जणांत एकच. बूट आणि क्रॅम्पॉन (बर्फात पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) भाड्याचे, मनालीत घाईघाईत घेतलेले. पहाटे चारच्या सुमाराला उतारावर आडवं जाताना डावा क्रॅम्पॉन निसटला आणि बुटाच्या बाजूला लोंबायला लागला. मागचं बकल धरेना. हातमोजे काढून पट्टा ओढला आणि मिनिटाभरात बोटं लाकडाची झाली. पट्टा हातात आहे हे डोळ्यांना दिसतंय, बोटांना कळत नाही. तिथूनच परतलो. तेव्हापासून बूट आणि क्रॅम्पॉन दुकानातच जोडून, पाय आपटून, पायऱ्या चढून-उतरून बघतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

मग गिर्यारोहणाचा चार आठवड्यांचा बेसिक कोर्स केला. उत्तरकाशीची नेहरू संस्था (१९६५), मनालीची संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४), कुठेही कर, पण अर्ज लवकर टाक, जागा भरतात. सह्याद्रीत पाय घसरला तर करवंदाची जाळी तरी हाताला लागते. हिमनदीवर पायाखालची जमीनच पोकळ असू शकते. हिमभेगेवर ताज्या बर्फाचं पातळ झाकण बसतं, वरून सपाट मैदान दिसतं. म्हणून तीन-चार जण दहा-बारा मीटर अंतर ठेवून एका रोपवर चालतात आणि रोप ढिला पडू देत नाहीत. देव टिब्ब्याला (६,००१ मीटर, माथा म्हणजे बर्फाचा पसरट घुमट) माझ्या पुढचा गडी मांडीपर्यंत आत गेला. आवाज काहीच नाही, फक्त रोपला एक हिसका. पुढे काय करायचं हे तेव्हा डोकं ठरवत नाही, कोर्सला पन्नास वेळा आइस ॲक्स (बर्फाची कुदळ) रोवत बर्फावर अंग टाकलेलं असतं, ते अंगच करतं. रात्री एक-दोनला निघतात तेही यासाठीच: ऊन चढलं की ही झाकणं मऊ होतात. परतायची वेळ खालीच ठरवून निघ.

कोर्स झाला म्हणून डोंगर ओळखीचा होत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडावर उत्तरकाशीच्या त्याच संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं, पंचवीसहून जास्त माणसं गेली. नवा बर्फ पडला की थांबता यावं म्हणून दोन-तीन दिवस राखीव लागतात, आणि दहा दिवसांच्या आखणीत आधी तेच कापले जातात.

मी असतो तर या वर्षी कोर्स, पुढच्या जूनला फ्रेंडशिप आणि त्यानंतर देव टिब्बा. कुणी युनाम (६,१११) सुचवेल. उंची मिळते, पण बहुतेक वाट दगड-मुरमाची, रोपवरचं चालणं तिथे शिकायला मिळत नाही. परवानगी कोण काढणार ते लेखी घे, ६,०००च्या बऱ्याच शिखरांना दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची लागते. सुटकेचा खर्च धरणारा विमा काढ, त्यात किती उंचीपर्यंत ते नीट वाच.

तोवर आठवड्यातून दोनदा जोतिबा किंवा पन्हाळा, पाठीवर बारा-पंधरा किलो. वजन पाण्याच्या कॅनचं घे, गुडघे कुरकुरत असतील तर वर ओतून उतर. आणि भडंग ने. वर गेल्यावर गोड बघवत नाही, चिक्की गारठून दगड होते, पण भडंग जातं.

रजेचा अर्ज मात्र अठरा दिवसांचा टाक. माझा बघून साहेबांनी विचारलं होतं, ‘लग्न कुणाचं?’