वाचक विचारतात: गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे

प्रश्न (तासगाव, जि. सांगली): नायजेरियातील बोर्नो राज्याचे ‘राज्यपाल’ झुलूम यांच्याविषयी मराठी बातमीत वाचले. ते आपल्या राज्यपालांसारखे नेमलेले असतात का? त्यांच्या हाती किती सत्ता असते?

उत्तर: ‘राज्यपाल’ या भाषांतरानेच घोळ होतो. नायजेरियाचा गव्हर्नर थेट जनतेच्या मतांवर निवडून येतो आणि त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखे असते. एक फरक मात्र मोठा आहे. आपला मुख्यमंत्री विधानसभेतील बहुमतावर टिकतो, तर गव्हर्नरची मुदत चार वर्षांची ठरलेली असते. म्हणून बातमीत ‘गव्हर्नर’च लिहावे.

निवडून यायला नुसती जास्त मते पुरत नाहीत. राज्यातील किमान दोन तृतीयांश स्थानिक शासन क्षेत्रांत प्रत्येकी पाव मते मिळावी लागतात. बोर्नोत अशी २७ क्षेत्रे आहेत, म्हणजे १८ ठिकाणी तरी पाव मते हवीत. एकाच टापूच्या किंवा जमातीच्या जोरावर कोणी निवडून येऊ नये, म्हणून ही अट. उमेदवाराचे वय किमान ३५ हवे आणि त्याला पक्षाची उमेदवारी हवी. अपक्षाला उभे राहता येत नाही.

पदावरून काढणेही सोपे नाही. विधानसभेच्या एक तृतीयांश सदस्यांनी सही करून नोटीस द्यायची. चौदा दिवसांच्या आत दोन तृतीयांश सदस्यांनी चौकशीचा ठराव करायचा. मग राज्याचे मुख्य न्यायाधीश सात जणांची समिती नेमतात, तिला तीन महिन्यांची मुदत असते. आरोप सिद्ध झाले, तरी अहवाल पुन्हा दोन तृतीयांशांनी मान्य करावा लागतो. पदावर असेतो गव्हर्नरवर खटलाही भरता येत नाही.

पोलीस मात्र केंद्राचे असतात. गव्हर्नर राज्याच्या पोलीस प्रमुखाला सूचना देऊ शकतो, पण तो प्रमुख ‘आधी राष्ट्राध्यक्षांना विचारतो’ म्हणू शकतो. बोर्नोसारख्या अतिरेकी हल्ल्यांनी होरपळलेल्या राज्यात हीच सर्वांत मोठी अडचण आहे.

प्रश्न (कोरेगाव, जि. सातारा): झुलूम पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर आहेत असे ऐकले. त्यांच्या वाटचालीचा क्रम सांगाल का?

उत्तर: बाबागाना उमारा झुलूम यांचा जन्म २५ ऑगस्ट १९६९ रोजी मफा येथे शेतकरी कुटुंबात झाला. शिकत असताना त्यांनी प्रवासी गाडीही चालवली. बोर्नोची राजधानी मैदुगुरी इथल्या रमत पॉलिटेक्निकमधून पाटबंधारे अभियांत्रिकीची पदविका, मैदुगुरी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीची पदवी, इबादान विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण आणि २००९ मध्ये माती व पाणी अभियांत्रिकीत पीएचडी, असा शिक्षणाचा क्रम. सुरुवातीला त्यांनी सरकारी नोकरी केली, २००० पासून विद्यापीठात शिकवले आणि २०११ मध्ये ते ज्या पॉलिटेक्निकमध्ये शिकले तिचेच प्रमुख झाले.

त्यांना राजकारणात आणले ते उद्ध्वस्त गावांच्या कामाने. २०१५ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर काशिम शेट्टिमा यांनी त्यांच्याकडे पुनर्बांधणी व पुनर्वसन खाते दिले. बोको हराम या सशस्त्र अतिरेकी संघटनेच्या हल्ल्यांत पडलेल्या शाळा, दवाखाने, घरे पुन्हा उभी करायचे ते काम. २९ मे २०१९ रोजी झुलूम गव्हर्नर झाले आणि २०२३ मध्ये पुन्हा निवडून आले. जुलै २०२० मध्ये बागा या गावी जाताना त्यांच्या ताफ्यावर गोळीबार झाला, तरी सीमेवरच्या गावांचे दौरे त्यांनी थांबवले नाहीत.

त्यांच्यावरची टीकाही सांगायला हवी. २०२१ पासून त्यांनी मैदुगुरीतील विस्थापितांच्या छावण्या बंद करायला घेतल्या. माणसे पिढ्यान्‌पिढ्या मदतीवर जगू नयेत, ही त्यामागची भूमिका आम्हाला पटते. पण गावाकडे परतलेल्या माणसाला शेतात जाणे सुरक्षित नसेल, तर घर बांधून देणे अपुरेच राहते. २८ नोव्हेंबर २०२० रोजी झबरमारी परिसरात भात कापणाऱ्या शेतकऱ्यांची कत्तल झाली. दुसऱ्या दिवशी ४३ जणांचे दफन झाले, तेव्हा झुलूम तिथे हजर होते. हल्लेखोर पिकात लपतात, म्हणून रस्त्यालगत ज्वारी-मक्यासारखी उंच पिके घ्यायला लष्कर मनाई करते. जिथे ज्वारीच मुख्य अन्न, तिथे या बंदीचा अर्थ काय होतो, हे आपल्या माणदेशातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

प्रश्न (कवठेमहांकाळ, जि. सांगली): बोर्नोत चाड सरोवर आहे. मग म्हैसाळसारखी उपसा योजना का होत नाही?

उत्तर: झाली होती आणि फसली. १९७०च्या दशकात दक्षिण चाड सिंचन योजनेने ६७,००० हेक्टर भिजवायचे ठरवले. कालवे खोदले, पंप बसले. पण पंपापर्यंत पाणी आणणाऱ्या चराची पातळी सरोवर भरलेले असतानाच्या हिशेबाने धरली होती. सरोवर पसरट आणि उथळ, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ कित्येक किलोमीटर मागे सरकतो. ८०च्या दशकातील दुष्काळात पाणी चराच्या तोंडापासूनच दूर गेले. पंप कोरडे पडले, कालव्यांत गाळ आणि पाणकणीस माजले.

म्हैसाळला कृष्णेतून पाणी उचलतात आणि वर कोयनेचा साठा आहे. नदी आटली की तिथून पाणी सोडता येते. चाडला बहुतांश पाणी शारी आणि लोगोन या नद्यांतून येते आणि त्या नायजेरियाबाहेरून वाहतात. बोर्नोच्या गव्हर्नरच्या हातात त्यांचा एकही दरवाजा नाही.

प्रश्न (सांगलीवाडी): २०२४ मध्ये मैदुगुरीत धरण फुटून पूर आला. त्याला गव्हर्नर जबाबदार नाहीत का?

उत्तर: ते अलाऊ धरण. नगद्दा नदीवरचे, शहराच्या वरच्या अंगाला. १० सप्टेंबर २०२४च्या सुमारास ते फुटले आणि मैदुगुरीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. धरण केंद्राच्या चाड खोरे विकास प्राधिकरणाचे, म्हणून देखभाल केंद्राकडे. खाली राहणाऱ्यांना वेळेत हलवणे हे मात्र राज्याचे काम, आणि तिथे गव्हर्नरला प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१९ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, पण पातळी दिवसागणिक चढताना दिसत होती. धरण फुटते तेव्हा तशी उसंत मिळत नाही.

प्रश्न (कराड): झुलूम तिसऱ्यांदा उभे राहतील का?

उत्तर: नाही. घटनेप्रमाणे दोनच मुदती. त्यांची दुसरी मुदत मे २०२७ अखेर संपते.