न घेतलेल्या कर्जाची वसुली

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून मुलुंडला राहते. महिनाभरापासून कर्ज देणाऱ्या एका ॲपच्या वतीने वसुलीचे फोन येत आहेत. माझ्या नावावर वैयक्तिक कर्ज असून हप्ते थकले आहेत, असे ते सांगतात. मी कोणतेही कर्ज घेतलेले नाही. फ्लॅट भाड्याने देताना एजंटाकडे आणि सिमकार्डाच्या वेळी दुकानात आधार-पॅनच्या झेरॉक्स मात्र दिल्या होत्या. थोडी रक्कम भरून प्रकरण मिटवावे, असा त्यांचा आग्रह आहे आणि माझ्या मुलालाही तेच सोयीचे वाटते. मी काय करावे?

उत्तर : बाई, एक रुपयाही भरू नका. मुलाचा सल्ला काळजीपोटी असला, तरी तडजोड म्हणून भरलेली रक्कम उद्या तुम्ही कर्ज मान्य केल्याचा पुरावा म्हणून पुढे केली जाऊ शकते.

आधी असे कर्ज खरोखर आहे का, हे पाहावे, कारण फोन करणाऱ्याने तुमचे नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक अचूक सांगितला, तरी तो तपशील झेरॉक्सवरूनही मिळतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या, लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीने वर्षातून एकदा तुमचा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तो मागवावा. वसुलीवाल्याने पाठवलेली लिंक उघडू नये. अहवालात कर्जखात्यांबरोबरच चौकशीच्या नोंदीही वाचाव्यात. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला तुमची पतमाहिती मागवली, हे तेथे दिसते, आणि कर्ज नामंजूर झाले असले तरी ती नोंद राहते. तुमचा म्हणून नोंदवलेला मोबाइल क्रमांकही तपासावा. तो अनोळखी असेल, तर कर्जाचे ओटीपी आणि संदेश तुमच्यापर्यंत का पोहोचले नाहीत, याचा उलगडा बहुधा तेथेच होईल.

चारही अहवालांत असे कर्ज नसेल, तर हे फोनच फसवणुकीचे आहेत, असे समजून दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत त्या क्रमांकांची तक्रार करावी.

कर्ज असेल, तर फोनवर वाद घालणे थांबवून सारा व्यवहार लेखी करावा. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे मूळ अर्ज, सोबतची कागदपत्रे आणि रक्कम जमा झालेल्या बँक खात्याचा तपशील मागावा. माझ्या मते तुमच्या प्रकरणाची नाडी या शेवटच्या मागणीत आहे. डिजिटल कर्जाची रक्कम सर्वसाधारणपणे थेट कर्जदाराच्याच खात्यात जमा झाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती परक्या खात्यात गेली असेल, तर उत्तर तुम्ही नव्हे, त्या संस्थेने द्यायचे आहे. त्याच दिवशी पतमाहिती कंपनीकडेही नोंदीवर हरकत घ्यावी. तिचे निवारण ३० दिवसांत झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. संस्थेनेही ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.

पोलीस तक्रार टाळू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा सायबर पोलीस ठाण्यात ती नोंदवून पोचपावती वरील दोन्ही पत्रांना जोडावी. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६क खाली (इंग्रजी क्रमाने ‘६६ सी’) गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हेही संचार साथीवर पाहून अनोळखी क्रमांक बंद करण्याची विनंती नोंदवावी.

प्रश्न : आमची गोरेगावची सोसायटी भाडेकरूंबरोबर मालकांच्याही आधारची झेरॉक्स मागते. ती द्यावी का?

उत्तर : ओळख पटवण्यापुरता हेतू असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे, ते आधारच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करता येते. प्रतीवर आडवे कारण आणि तारीख लिहून सही करावी, म्हणजे ती अन्यत्र खपवणे अवघड जाते. सोसायटीच्या कचेरीतले उघडे कपाट पाहिले असेल, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

त्याबरोबर आधारचे बायोमेट्रिकही लॉक करावे, कारण अंगठ्याच्या ठशाची नक्कल करून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार घडलेले आहेत. लिव्ह अँड लायसन्स (भाडे) कराराच्या ऑनलाइन नोंदणीच्या दिवशी मात्र ते तात्पुरते उघडून ठेवावे, अन्यथा एजंटाच्या यंत्रावर तुमचा अंगठा स्वीकारला जाणार नाही.