एका हाताने गोल्फ स्विंगचा सराव: कोणता हात, किती आणि कसा

तुमचा प्रश्न असा आहे: क्रिकेट बरंच खेळलात, आता गोल्फ सुरू केलंय. सेव्हन आयर्न (मध्यम लांबीचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) कधी चेंडूआधी जमिनीत बसते, कधी चेंडूच्या डोक्यावर लागते. कोचने एका हाताने मारायला सांगितलं, पण त्यात चेंडू धड लागतच नाही. मग याचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो चेंडू धड लागत नाही त्यातच आहे. दोन हातांनी मारताना शरीर थांबलं तरी मनगटं कशीबशी निभावून नेतात. एका हाताला ते झेपत नाही. छाती आणि कंबर वळली तरच क्लब चेंडूपर्यंत नीट येतो, त्यामुळे चूक लपत नाही. मात्र हा ताकदीचा व्यायाम नव्हे. बहुतेक जण सेव्हन आयर्न घेऊन पूर्ण स्विंग करायला जातात आणि दोन दिवसांत सोडून देतात.

पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा आखूड क्लब) घ्या आणि ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, दोनेक इंच खाली धरा. चेंडू बुटक्या टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवर) ठेवा, टी जमिनीवर सेंटीमीटरभर दिसली की पुरे. पावलांत फूटभर अंतर, चेंडू मधोमध. मागे कमरेपर्यंत, पुढे कमरेपर्यंत, एवढाच स्विंग. चेंडू वीस-पंचवीस यार्ड गेला तरी भरपूर झालं. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.

आधी डावा हात. क्लब शेवटच्या तीन बोटांत घट्ट आणि अंगठा-तर्जनीत सैल असू द्या. उजवा तळवा छातीच्या मधोमध ठेवा, म्हणजे छाती वळते की नाही ते हातालाच कळतं. डाव्या काखेत ग्लव्ह किंवा छोटा नॅपकिन अडकवा. मागे जाताना तो पडला तर तुम्ही नुसता हात उचललात. चेंडू लागायच्या सुमारास पडला तर छाती थांबली आणि हात एकटाच पुढे पळाला. चेंडू गेल्यावर डाव्या हाताची मागची बाजू लक्ष्याकडे हवी आणि शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, साधारण हाताच्याच रेषेत हवा. कंबरेच्या वर गेल्यावर कोपर दुमडतं ते स्वाभाविक आहे. त्याआधी दुमडलं तर चेंडूच्या डोक्यावर लागणारच.

क्लब चेंडूआधी जमिनीत बसत असेल तर जवळजवळ नेहमी वजन उजव्या पायावर राहिलेलं असतं. सुरुवातीला उभं राहतानाच साठ-सत्तर टक्के वजन डाव्या पायावर घ्या आणि तिथेच ठेवा. चेंडू क्लबच्या टाचेकडे (डोक्याच्या दांड्याकडच्या भागाला) लागून एकदम उजवीकडे पळत असेल, तर हात शरीरापासून लांब जातोय. त्यावर काखेतला नॅपकिन हाच इलाज.

आता उजवा हात, आणि इथे एक चूक सर्रास होते: लोक ग्रिपचं टोक धरतात. तसं नको. दोन हातांनी धरताना उजवा हात जिथे असतो तिथेच धरा आणि वरची डाव्या हाताची जागा रिकामी सोडा. क्लब आखूड वाटेल, म्हणून कमरेतून थोडं जास्त वाका. डावा हात पँटच्या डाव्या खिशावर ठेवा आणि खाली येताना तो खिसा मागे जातोय का ते बघा.

मागे जाताना उजवं कोपर दुमडतं, पण त्याचं टोक जमिनीकडेच राहतं. खाली येताना ते उजव्या कमरेच्या हाडासमोर येतं, आणि चेंडू लागतो त्या क्षणी मनगट अजून मागे वाकलेलं असतं. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जावा म्हणून आपण हात बाजूने, खालून फेकतो, तीच ही हालचाल. मनगट आधीच सुटलं तर चेंडू उचलून टाकल्यासारखा वर जातो, नाहीतर टॉप होतो, म्हणजे क्लब त्याच्या डोक्यावर लागतो. म्हणून चेंडू कमरेच्या खालूनच जाईल असं मारायचं ठरवा. खांदा बाहेर झेपावत असेल तर चेंडूपलीकडे चार-पाच इंचांवर एक रिकामं खोकं ठेवा. क्लब खोक्याला लागला की चूक समजली.

क्रिकेटमधून आलेल्यांचा खालचा हात फार पुढाकार घेतो, म्हणून तुम्ही डाव्या हाताचा सराव उजव्याच्या दुप्पट करा असं मी सांगेन. आधी चेंडूशिवाय: गवतावर दोरी किंवा टीने रेघ आखा आणि क्लब गवताला रेघेवर किंवा तिच्या थोडा पुढे घासला पाहिजे. रेघेच्या मागे घासत असेल तर चेंडू ठेवण्याची घाई नको. मग डाव्याने दहा, उजव्याने पाच आणि लगेच दोन्ही हातांनी त्याच अर्ध्या स्विंगने पाच चेंडू. हा शेवटचा भाग गाळू नका, नाहीतर एका हाताची सवय एका हातापुरतीच राहते. दोन्ही हातांकडे येताना मधली एक पायरी फार उपयोगी पडते: डाव्या हाताची पकड पूर्ण, आणि उजवा तळवा ग्रिपला नुसता टेकवलेला, बोटं उघडी. उजव्याने ढकललं की लगेच जाणवतं.

एका दिवसात एका हाताचे तीस चेंडू पुरेत, आठवड्यात दोन-तीनदा. थकलेलं मनगट चुकीचीच हालचाल शिकतं. काँक्रीटवर अंथरलेल्या मॅटवर शक्यतो करू नका: तिथे क्लब चेंडूआधी लागला तरी घसरून पुढे जातो, चूक कळत नाही, आणि धक्का मात्र मनगटाला बसतो. मॅटच असेल तर टीवरूनच मारा. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा मनगटात दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा.

दहापैकी सहा-सात चेंडू स्वच्छ लागायला लागले की नाइन आयर्नकडे जा आणि मग सेव्हनकडे, पण स्विंग कमरेएवढाच ठेवा. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, एका हाताने मारायच्या भानगडीत पडू नका. शाफ्ट इतका लांब असतो की हात क्लबमागे फरफटतो.