डायरेक्ट बिलिरुबिन वाढलंय म्हणून टीपीएन बंद करायचं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी २८व्या आठवड्यातच जन्मली, एनईसीमुळे (आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा आजार) आतड्याचा बराच भाग काढावा लागला, ७ आठवडे टीपीएनवर (शिरेतून पिशवीने दिलं जाणारं पोषण) आहे आणि डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त साचल्याने होणाऱ्या कावीळीचा आकडा) ४.८ आलंय. डॉक्टर लिपिड (त्या पोषणातलं तेल) बदलू म्हणतात, घरचे म्हणतात त्या पिशवीनेच लिव्हर बिघडतंय, ती बंदच करा. मी पुण्यात १९ वर्षं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सिस्टर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिशवी बंद करायचा हट्ट धरू नका. आज तिचं वजन आणि मेंदू त्याच्यावरच वाढतोय. लिव्हरवर ताण आहे हे खरं, पण दोष एकट्या पिशवीचा नाही. पोटात दूध जात नाही तेव्हा पित्त वाहत नाही, साचतं. त्यात लाइनचं (पिशवी जोडतात त्या शिरेतल्या नळीचं) इन्फेक्शन झालं की आणखी भर. आणि नेहमीचं लिपिड सोयाबीन तेलाचं असतं, त्यातले वनस्पती स्टेरॉल पित्ताचा प्रवाह अडवतात.

म्हणून डॉक्टर बहुधा सोयाबीनचं प्रमाण किलोमागे दिवसाला १ ग्रॅमपर्यंत उतरवतील, किंवा माशाचं तेल असलेलं मिश्र लिपिड देतील, किंवा निव्वळ माशाच्या तेलाचं. बॉस्टनमध्ये मार्क पुडर आणि कॅथलीन गुरा यांनी अशा बाळांवर हे तेल वापरून पाहिलं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ओमेगावेनला (निव्वळ माशाच्या तेलाचं लिपिड) नेमकी याच कावीळीसाठी मान्यता दिली. त्याचाही डोस किलोमागे दिवसाला १ ग्रॅमच. पण चार दिवसांत आकडा उतरेल अशी आशा धरू नका, आठवडे लागतात, कधी महिने. आमच्याकडे एका बाळाचे आजोबा माळकरी होते. माशाचं तेल म्हटल्यावर अर्धा तास बाकावर गप्प बसले, मग स्वतःच मुलाला घेऊन सही करायला आले.

आता माझ्या मते सगळ्यात मोठं औषध : आईचं दूध. तीन तासांनी १ मिली का असेना. सिरिंजचा दांडा काढायचा, पोटात जाणाऱ्या नळीला जोडून सिरिंज वर धरायची आणि दूध आपसूक उतरू द्यायचं, ढकलायचं नाही. तेवढ्या दुधानेही आतडं जागं होतं, पित्ताला वाट मिळते. १ चे २, २ चे ३ होताना पोट फुगलं तर दोन दिवस मागे यावं लागतं, त्याने खचू नका. वहिनींना सांगा, रात्रीसुद्धा दूध काढत राहा. कमी पडलं तर दूधपेढीबद्दल डॉक्टरांना विचारा, पुण्यात ससून हॉस्पिटलला आहे.

लाइनबद्दल मी फार कडक आहे. एका ठिकाणी रात्रपाळीत घाईत हब (लाइनचं जोडायचं तोंड) न पुसता पिशवी जोडली गेली, दोन दिवसांनी बाळाला सेप्सिस (रक्तात जंतुसंसर्ग) आणि बिलिरुबिन भराभर वर. हात धुतले का, हब स्पिरिटने घासला का, हे सिस्टरला नम्रपणे विचारलंत तर कुणी रागावणार नाही. रागावलं तरी विचारा.

घरच्यांना एवढं नक्की सांगा : या कावीळीला कोवळं ऊन किंवा निळा दिवा लागू पडत नाही, तो इनडायरेक्ट बिलिरुबिनसाठी, म्हणजे नवजात बाळांच्या नेहमीच्या कावीळीसाठी. बाळगुटी, मध, कावीळीची मुळी यातलं काहीही तिच्या तोंडात जाता कामा नये.

उद्या राउंडला विचारा : टीपीएनमधलं मँगनीज कमी केलंय का (ते पित्तातूनच बाहेर पडतं), कॉपरची पातळी तपासणार का, ए-डी-ई-के जीवनसत्त्वं चालू आहेत का, आणि सोनोग्राफीत पित्तनलिका पाहिली का. रोज डायपर खिडकीच्या उजेडात बघा. शी खडूसारखी पांढरी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण पित्तनलिकाच बंद असेल तर ऑपरेशनला उशीर चालत नाही. पिवळी-हिरवी व्हायला लागली तर पित्त उतरतंय.

पुढचा रिपोर्ट आला की आकडा आणि किती मिली दूध चाललंय ते लिहा, मी बघते.